घर क्रमांक एक्केचाळीस

शिक्षकाच्या कपाटात काय साचतं? जुने पेपर, सुकलेले मार्कर आणि सेंड-ऑफला मिळालेली पेन स्टँड्स. हे सगळं दर दिवाळीला काढून टाकता येतं. किस्से मात्र टाकता येत नाहीत. चार ओळखीची माणसं चहाला बसली की एक सांगता सांगता दुसरा बाहेर येतो, आणि चहा गार होतो.

त्यात आमचा धंदाच असा! मी अंधेरीला एका कॉलेजात पब्लिक हेल्थ शिकवते. माणूस आजारी पडल्यावर काय करायचं ते डॉक्टर शिकतात. तो आजारी पडूच नये म्हणून काय करायचं ते आमची मुलं शिकतात. त्यासाठी त्यांना घरोघरी पाठवावं लागतं. आणि लोकांच्या घरात शिरलं की किस्से आपोआप होतात.

आज सांगते ते सगळे एकाच वर्षातले. त्या वर्षाचं एक गुपित आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. जूनमध्ये एके सकाळी आंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात एक गाठ हाताला लागली. शेंगदाण्याएवढी. आता, अशी गाठ लागली तर काय करायचं यावर माझं पन्नास मिनिटांचं लेक्चर आहे. स्लाइड्ससकट! 'घाबरू नका, पण थांबूही नका' हे वाक्य मी त्यात तीन वेळा म्हणते.

मी काय केलं? अंग पुसलं, साडी नेसले आणि कॉलेजला निघून गेले.

भीती वाटत होती, दुसरं काही नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

* * *

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारते. "तुम्ही काय शिकताय, हे घरी काय सांगितलंत?"

त्या वर्षी पहिला हात तन्मयचा. बोरिवलीचा डेंटिस्ट. दोन वर्षं दात काढून कंटाळला आणि आमच्याकडे आला. तोंड मात्र कधी बंद नाही.

"मॅडम, मी मावशीला सांगितलं, पब्लिक हेल्थ करतोय. ती म्हणाली, म्हणजे ते मच्छरांचा धूर मारणारे ना? मग आमच्या सोसायटीत पण मार की रे!"

वर्ग हसला. मी म्हटलं, "मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार मॅडम? वॉर्ड ऑफिसला चार चकरा मारल्या, धूरवाल्याला घेऊन गेलो. दात काढायचो तेव्हा मावशी मला 'अरे ए' म्हणायची. आता सोसायटीच्या मीटिंगला बोलावतात!"

त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती. सायली, कांदिवलीची. मायक्रोबायोलॉजी करून आलेली. लॅबमधले जंतू उलट बोलत नाहीत, म्हणून तिला लॅब आवडायची. मी तिला तोच प्रश्न विचारला. ती काहीतरी बोलली. ओठ हललेले मी पाहिले.

"काय म्हणाली?" मी तन्मयला विचारलं.

"मॅडम, ती म्हणते, घरी अजून कुणी विचारलंच नाहीये."

* * *

फील्डवर पाठवण्याआधी मुलांना प्रश्न विचारण्याची प्रॅक्टिस द्यावी लागते. त्यासाठी खोटा पेशंट लागतो. आमचा कायमचा खोटा पेशंट म्हणजे गावडे काका, आमच्या डिपार्टमेंटचे शिपाई. मूळचे कणकवलीकडचे. इतक्या बॅचेस बघितल्यात की त्यांना अर्धा सिलॅबस पाठ आहे.

तन्मय समोर बसला, फॉर्म उघडला आणि सुटलाच. "काका, तंबाखू खाता?"

"नाय."

"व्यायाम करता?"

"तुमका चाय कोण आणून देता? चार माळे."

"दारू पिता?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नीट निरखून पाहिलं. "आज गुरवार."

तन्मयने फॉर्मवर होय लिहावं की नाही, यावर वर्गात वीस मिनिटं चर्चा झाली! शेवटी काकाच कंटाळून म्हणाले, "अरे बाबा, उद्या ये. उद्या इचार."

मला तर ते उत्तर फारच आवडलं. कारण ऑगस्ट उजाडला होता आणि मीही स्वतःला रोज तेच सांगत होते. उद्या बघू.

* * *

आमचं फील्ड म्हणजे खाडीकाठचा एक कोळीवाडा. प्रत्येकाला चाळीस घरं. पहिलं काम डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधायचं. मुलं मोबाइलचे टॉर्च लावून पाण्याची पिंपं, कुंड्या, बर्फाचे थर्माकोलचे खोके, सगळं बघत फिरली. तन्मयच्या चाळीस घरांत एकही अळी नाही! कोळणींनी पिंपं घासून उपडी घातलेली. बिचारा हिरमुसून माझ्या केबिनमध्ये आला.

"मॅडम, एक तरी मिळायला हवी होती यार."

यार मला नव्हतं, नशिबाला होतं. मी त्याला समजवायला लागले, की अळी नाही मिळाली ही आनंदाची गोष्ट असते, आपण त्यासाठीच तर काम करतो. तो ऐकत नव्हता. माझ्या टेबलावरच्या मनीप्लँटच्या बाटलीकडे टक लावून बघत होता.

"मॅडम, हलतंय काहीतरी."

हलत होतं. एक नाही, सात-आठ! मी ताडकन उठले. "काका, ओता हे आधी!"

"थांबा!" तन्मय ओरडला. "आधी फॉर्म!" आणि माझ्यासमोर बसून त्याने नवा फॉर्म भरला. घर क्रमांक एक्केचाळीस. कुटुंबप्रमुख, मी. अळ्या आढळल्या का, होय. आरोग्य शिक्षण दिलं का?

"मॅडम, द्यायला लागेल," तो म्हणाला, आणि माझंच लेक्चर मला ऐकवलं.

गावडे काका बाटली उचलून जाता जाता एवढंच बोलले, "लोकांच्या घरात कित्याक शोधूक जातास रे? घराकडेच पाळलेले असत."

* * *

सायलीचं दुखणं वेगळं. पहिल्या आठवड्यात वीस घरं करून आली आणि त्यातल्या तेरा घरांपुढे लिहिलेलं, 'घर बंद'.

एवढी घरं बंद? मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी मीच तिच्याबरोबर गेले. पहिल्या दारासमोर ती उभी राहिली. आत टीव्ही जोरात चालू, कुकरची शिट्टी होतेय. हिने एका बोटाने दाराला हात लावला, तीन सेकंद थांबली आणि पेन काढलं.

"सायली, तू दार वाजवलंस की दाराची माफी मागितलीस?"

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण सर्व्हेचा नियम तर सांगायलाच हवा. सगळ्या जगात तो असाच असतो. "हे बघ, एक दार तीनदा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. प्रत्येक वेळी काय झालं ते फॉर्मवर लिहायचं. तिसऱ्यांदाही जमलं नाही, तरच 'नाही' लिहायचं. त्याआधी आपल्याला तो हक्क नाही."

"पण मॅडम, समोरच्याला नकोच असेल तर?"

"नको म्हणायला त्याने दार तरी उघडायला हवं ना! हाताचा तळवा वापर. धडाधड."

तिने डायरी काढून लिहून घेतलं. हाताचा तळवा. मी हसले. ही मुलगी सर्व्हे पुरा करील असं मला तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं.

* * *

सायलीच्या यादीतलं सगळ्यात अवघड नाव म्हणजे हिराबाई. वय पंचावन्नच्या आसपास, मासळी बाजारात बसणारी. सायलीला तिचं ब्लड प्रेशर मोजायचं होतं.

पहिल्यांदा गेली सकाळी दहाला. कुलूप. आता, सकाळी दहा ते एक ही आमच्या टाइमटेबलमधली फील्डची वेळ, आणि तीच नेमकी कोळणी बाजारात असण्याची! वर्षानुवर्षं आम्ही मुलांना त्या वेळी पाठवत होतो आणि बायका भेटत नाहीत म्हणून कुरकुरत होतो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्यांदा गेली तिन्हीसांजेला. हिराबाई उंबऱ्यातच भेटली. "मना टायम नाय गो!" दार बंद.

तिसऱ्यांदा सायली सरळ बाजारात गेली, मशीन घेऊन. शुक्रवार, म्हणजे म्हावऱ्याचा, मासे खाण्याचा वार. गिऱ्हाइकांची ही गर्दी. हिराबाईने वर न बघता कोलंबीचं पातेलं पुढे सरकवलं. "आदी सोल. मंग तुजा मशीन लाव."

सायलीचे आजोबा मालवणातून गिरणीत आलेले. कोलंबी सोलणं तिच्या हातात होतं. तासाभरात पातेलं रिकामं! हिराबाईने हात पुसला आणि पुढे केला. सायलीने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच.

"मावशी, वरचं एकशे ऐंशी आहे. खूप जास्त आहे."

"एकशे ऐंशी? काय बोलतेस गो!" हिराबाई सवयीने म्हणाली. "दीडशे लाव!"

सायली सांगते, की तिला तेव्हा काय झालं ते तिलाच माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा भर बाजारात तिचा आवाज चढला. "मावशी, फिक्स रेट आहे!"

आजूबाजूच्या कोळणी पाट्या सोडून हसायला लागल्या. हिराबाईही हसली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दवाखान्यात गेली. गोळ्या सुरू झाल्या. सायलीला त्या दिवसापासून कोळीवाड्यात एकही दार बंद मिळालं नाही. तिची चाळीसच्या चाळीस घरं पूर्ण झाली, तन्मयच्याही आधी!

* * *

ऑक्टोबरात आम्ही कोळीवाड्याच्या हॉलमध्ये बायकांसाठी कार्यक्रम ठेवला. ब्लड प्रेशरवर तन्मय बोलला. मुंबईच्या मराठीत जेवढं इंग्रजी बसतं, तेवढं सगळं कोंबून.

"मावशी, हा आजार सायलेंट किलर आहे. म्हणजे काय? आवाज करत नाही, पण माणसाला मारतो!"

मागून एक तरुण कोळीण म्हणाली, "आवाज नाय करत? मंग माजे सासूला नाय झायला!"

सासू पहिल्या रांगेतच बसली होती. पुढची दहा मिनिटं तन्मयची वाट लागली.

नंतर माझा विषय. स्तनाची तपासणी घरच्या घरी कशी करायची, रबरी मॉडेल घेऊन. सगळं रीतसर दाखवलं. गाठ लागली तर लगेच दाखवा, बहुतेक गाठी साध्या असतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नाही. वगैरे वगैरे.

हिराबाईने विचारलं, "म्याडम, तुमी करता?"

"हो तर!" मी म्हटलं. आणि ते अगदी खरं होतं. करत होते म्हणून तर गाठ माहीत होती! पुढचं कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. टाळ्या पडल्या. घरी जाताना मेट्रोत मला स्वतःची इतकी लाज वाटली की घाटकोपर येईपर्यंत मी मान वर केली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी काही केलं नाही. लाज वाटणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं.

* * *

माझ्या केबिनमध्ये एक टेबल कॅलेंडर आहे. त्यावर मी जुलैत एका तारखेला 'मॅमो', म्हणजे मॅमोग्राफी, असं लिहिलं होतं. ते खोडून बाण काढला, ऑगस्टमध्ये. कारण इन्स्पेक्शन होतं. ऑगस्टमधून बाण सप्टेंबरात, गणपती होते. सप्टेंबरातून ऑक्टोबरात, इंटर्नल परीक्षा होत्या. कारणं सगळी खरी होती, हीच तर गंमत.

नोव्हेंबरात सायली सही घ्यायला आली. सही करता करता मी वर पाहिलं तर ती कॅलेंडरची पानं मागे उलटत होती. एकेक बाण बघत.

"मॅडम, तुम्हाला वेळ आहे?"

"आत्ता नाही गं. पेपर सेट करायचेत."

ती गेली. दोन दिवसांनी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. "मॅडम, ते कॅलेंडरवरचं..."

"सायली, डिझर्टेशनचं बोल. तुझी टेबलं अजून झाली नाहीत."

ती मान खाली घालून उठून गेली. मला वाटलं, सुटले.

* * *

पुढच्या शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. नवरा ट्रॉम्बेला ऑफिसात. मी घरी एकटीच, भाजी निवडत बसले होते. साडेनऊ वाजले असतील. दारावर धडाधड थापा पडल्या. बेल होती, पण बेल नाही, थापा! समोरच्या शहा काकींनीही त्यांचं दार उघडलं, काय झालं बघायला.

मी दार उघडलं. सायली उभी. उजव्या हाताचा तळवा लाल झालेला, डाव्या हातात फॉर्म.

"मॅडम, तिसऱ्यांदा आलेय."

फॉर्म माझ्या हातात दिला. घर क्रमांक एक्केचाळीस. कुटुंबप्रमुख, मी. पहिली भेट, मंगळवार, केबिन: वेळ नाही म्हणाल्या. दुसरी भेट, गुरुवार, कँटीन: विषय बदलला. तिसऱ्या भेटीची जागा कोरी.

"आता 'नाही' लिहू का?" तिने विचारलं. आवाज थरथरत होता, पण ऐकू येत होता. जिन्यापर्यंत ऐकू येत होता.

कारण जिन्यातून उत्तर आलं. "लिवू नको! मी आयलंय." कठड्याला धरून, दम खात हिराबाई वर येत होती. म्हावऱ्याचा वार, ऐन धंद्याची वेळ, आणि ही बाई बाजार सोडून अंधेरीहून घाटकोपरला आलेली!

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाला कशाला होवं? तवा हॉलमदी रबराच्या बाईला एका हाताने दाखवत व्हता, आन दुसरा हात सारका आपल्या काखेत. मी बघलंय ना! म्हनून मीच हिला बोलले, तुजे म्याडमला कायतरी हाय."

मला रडूच आलं. उंबऱ्यातच. शहा काकी पाणी घेऊन आल्या. भाजी तशीच टाकून मी चपला घातल्या.

त्या दिवशी मॅमोग्राफी झाली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो नुसता हात धरून बसला. मग सोनोग्राफी, मग सुईने तपासणी, मग आठ दिवस रिपोर्टची वाट. ते आठ दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही, त्यात हसण्यासारखं काही नाही.

रिपोर्टच्या दिवशी नवरा खाली पार्किंग शोधत होता, म्हणून डॉक्टरांसमोर मी, सायली आणि हिराबाई. दोघी सांगूनही घरी राहिल्या नव्हत्या. डॉक्टरांनी कागद उलटापालटा केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. काही नाही. घरी जा."

काय वाटलं म्हणून सांगू! सहा महिने खांद्यावर बसलेलं कोणीतरी उठून निघून गेलं. मला एकदम भूक लागली. सायली रडत होती, हिराबाई तिच्या पाठीवर थापा मारत होती, आणि मी मोठमोठ्याने हसत होते.

डॉक्टर म्हणाले, "मात्र सहा महिन्यांनी परत दाखवायला यायचं."

मी मनात हिशेब केला. "डॉक्टर, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या परीक्षा असतात हो. सहाचे नऊ लावा ना!"

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. मी मोठ्या आशेने हिराबाईकडे पाहिलं. जन्मभर मासळीच्या भावावरून वाद घातलेली बाई, ही तरी माझ्या बाजूने बोलेल!

हिराबाईने सायलीकडे बघितलं. मग पदर खोचला, आणि डॉक्टरांच्या टेबलावर तळवा आपटून म्हणाली,

"फिक्स रेट हाय!"